पाण्यावरून आकाशात

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्यूका नावाचे एक लांबट सरोवर आहे. त्याच्या काठी वसलेल्या हॅमंड्सपोर्ट या लहानशा गावी २१ मे १८७८ रोजी ग्लेन कर्टिसचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याचे वडील वारले. शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच झाले. परंतु हातात कसब मोठे होते. सायकली दुरुस्त करता करता तो मोटारसायकली व त्यांची एंजिने बनवू लागला, आणि या एंजिनांनीच त्याला विमानांकडे नेले.

गावाभोवती डोंगर होते, सरोवर मात्र दारात पसरलेले. मग विमानाने पाण्यावरूनच का उडू नये? १९०८ साली कर्टिस व त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्या विमानाखाली दोन पोकळ नावा बसविल्या आणि त्याला ‘लून’ हे नाव दिले. लून हा एक पाणपक्षी. उडण्यापूर्वी त्यालाही पाण्यावरून बरेच धावावे लागते. पण तो शेवटी उडतो तरी! हे विमान नुसतेच धावले. पाणी त्याला सोडीना.

मार्च १९१० मध्ये फ्रान्समध्ये आंरी फाब्र याने पाण्यावरून विमान उडविले. कर्टिसला हे यश २६ जानेवारी १९११ रोजी सॅन दिएगो येथे लाभले. पुढच्याच महिन्यात त्याने विमानाला वर उचलता येणारी चाके जोडली. आता ते पाण्यावरून उडून जमिनीवर उतरू लागले. जल, स्थल व आकाश या तिन्ही ठिकाणी संचार करणाऱ्या या विमानाचे नाव ‘ट्रायड’.

तरीही त्याचे समाधान झाले नाही. चालकाला आत बसता येईल अशी उडती नौकाच त्याला हवी होती. १९१२ साली ती तयार झाली, पण पुन्हा तोच अनुभव! एंजिन गर्जे, फेस उसळे, आणि नौका पाण्याला चिकटूनच राही. तेव्हा कर्टिस मोटारबोटीतून तिच्याबरोबर धावला आणि तिचा तळ न्याहाळू लागला. गुळगुळीत तळाला पाणी मागे ओढून धरीत होते. त्याने तळाला लाकडी पाचरी ठोकून एक पायरी केली. पायरीमागे हवा शिरली, पाण्याची पकड सुटली, आणि नौका उडाली.

लवकरच हौशी धनिक अशा नौका विकत घेऊन सरोवरांवरून विहार करू लागले. १९१९ साली ‘एनसी-४’ ही उडती नौका मुक्काम करीत अटलांटिक महासागर ओलांडून गेली; तिच्या रचनेतही कर्टिसचा हात होता.

२३ जुलै १९३० रोजी त्याचा मृत्यू झाला. आज हौशी लोक घरच्या घरी लहान उभयचर विमाने जुळवितात. त्यांच्या तळाशीही ती पायरी असते.