जोतीराव फुले आणि शेतातली माती

पावसाळ्याचे पहिले दोन मोठे पाऊस झाले की पनवेलजवळच्या कोन परिसरातले ओढे तांबडे होऊन वाहू लागतात. ती उतारावरच्या शेतांतली माती असते. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही मे महिन्यात विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन जुलाब झालेली मुलं सरकारी रुग्णालयात येतात. साखर-मिठाचं पाणी, सलाइन हे आमचं काम. पण दुखणं सुरू झालेलं असतं वर उतारावर, फुटलेल्या बांधापाशी. तो बांध कुणाच्या तरी खासगी जमिनीत असतो. मालकाजवळ तो घालायला पैसे नसतात, किंवा जमीन विकायचीच आहे तर खर्च कशाला, असा त्याचा विचार असतो. या प्रश्नावर जोतीराव फुल्यांनी १८८३ साली उत्तर लिहून ठेवलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, पुढे पुण्यात फुलांच्या व्यवसायात स्थिरावलेलं. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा पाण्याचा हौद हे सारं आपण शाळेत शिकलो. त्यांचा कामधंदा मात्र पाठ्यपुस्तकात फारसा येत नाही. ते बांधकामाचे कंत्राटदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. मांजरीला त्यांची स्वतःची शेतीही होती. दगड, चुना, मजुरी आणि पाटाचं पाणी यांचा हिशेब त्यांना घरच्यासारखा ठाऊक होता.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. दख्खन आणि दक्षिण भारत मिळून मेलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातो. दुष्काळात माणूस निव्वळ उपाशीपोटी मरतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उपासमारीने अंगातली प्रतिकारशक्ती जाते आणि शेवटचा घाव पटकी, हगवण किंवा हिवताप घालतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. पण ही साथ आटोक्यात आणण्याची जागा ताटापेक्षा शेतात आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढे त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

त्यातल्या शेवटच्या प्रकरणात, म्हणजे पाचव्यात, मातीचा विषय येतो. जोतीरावांचं निदान असं : पालापाचोळा, वाळकं गवत, मेलेले किडे-प्राणी यांचं कुजून जे सत्त्व बनतं ते पाऊस डोंगरावरून खाली आणतो. ते शेतात मुरायला हवं. ते ओढ्यानाल्याला जाऊन मिळालं की जमीन वर्षागणिक नापीक होते. उपाय म्हणून सरकारने ठिकठिकाणी ताली, बंधारे अशा बेताने घालावेत की पाणी आधी शेतात मुरेल आणि मगच नाल्याला जाईल. ओढ्यांवर आणि सोयीच्या जागी तळी, बंधारे बांधावेत, म्हणजे खालच्या विहिरींना बारमाही पाणी राहील. नद्या-तलावांतला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. पाणाड्यांकडून शेतांतल्या झऱ्यांचा शोध घेऊन त्या जागा गावाच्या नकाशावर नोंदवाव्यात आणि सरकारी मदतीशिवाय विहीर खणणाऱ्याला बक्षीस द्यावं.

हे काम करायचं कुणी? जोतीरावांनी फौज आणि पोलिसांतले जास्तीचे शिपाई सुचवले. उघड्या हवेत मेहनत केली तर शिपायांचीही प्रकृती सुधारेल, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणून मला हा मुद्दा विशेष आवडतो, जरी सरकार तो मान्य करील अशी त्यांना स्वतःलाही फारशी आशा असेल असं वाटत नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला बांध घालणं परवडत नाही आणि पाणी सातबारा बघून वाहत नाही, म्हणून खासगी शेतातला बांध हे सार्वजनिक काम आहे. आपण लशीचा खर्च सरकारवर टाकतो तो याच न्यायाने.

पुस्तकाचं पुढे काय झालं? पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधु’त छापली गेली, पुढची छापायला संपादक धजले नाहीत. मातीचं प्रकरण जोतीरावांच्या हयातीत हस्तलिखितातच राहिलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना मात्र त्यांनी ते लिखाण वाचून दाखवलं होतं.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली आणि दोनच महिन्यांनी पक्षाघाताने उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. त्या काळी रक्तदाब मोजण्याची सोय नव्हती आणि तो उतरवणारं औषधही नव्हतं. उजवा हात चालेना तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून पुढचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. खासगी जमिनींवर बांधबंदिस्तीच्या योजना राबवण्याची तरतूद करणारा मुंबई प्रांताचा जमीन सुधारणा कायदा १९४२ मध्ये झाला. तोवर त्यांना जाऊन बावन्न वर्षं झाली होती.