संगीताची पेरणी शाळेत

एका देशात संगीत झपाट्याने बहरते आणि दुसऱ्या देशात ते मूठभर रसिकांपुरतेच उरते, याचे कारण बहुधा कलावंतांच्या प्रतिभेत शोधले जाते. परंतु प्रतिभावंत सर्वत्रच जन्मतात. त्यांचे गाणे समजणारा समाज मात्र प्रयत्नपूर्वक घडवावा लागतो. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

केच्केमेत येथे १८८२ साली एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बुडापेस्टमध्ये १८७५ पासून संगीत अकादमी होती. पण नागर संगीतावर जर्मन परंपरेची छाया होती आणि खेड्यांतील गाणी उपेक्षित होती. १९०५ पासून कोदाय खेडोपाडी हिंडून ती टिपू लागले. या कार्यात बेला बार्तोक हे त्यांचे सहकारी झाले. १९०७ मध्ये कोदाय अकादमीत अध्यापन करू लागले आणि १९२३ च्या 'साल्मुस हुंगारिकुस' या रचनेने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली.

तथापि, शाळांतील गायनशिक्षणाची दुरवस्था त्यांना अस्वस्थ करीत होती. नामवंत रचनाकार असूनही त्यांनी पुढील अनेक वर्षे बालवृंदांसाठी गीते आणि स्वरपाठ रचण्यात वेचली. वाद्य विकत घ्यावे लागते, कंठ प्रत्येकापाशी असतो. म्हणून आरंभ गायनाने आणि तोही लोकगीतांनी करावा, हे त्यांचे सूत्र होते. आपल्या षड्जाप्रमाणे कोणत्याही पट्टीत मांडता येणारा 'दो' आणि स्वर दाखविणाऱ्या हस्तमुद्रा त्यांच्या अनुयायांनी इंग्लंडमधील पद्धतीवरून स्वीकारल्या. १९५० मध्ये केच्केमेत येथे नित्य गायनाचा तास असणारी प्राथमिक शाळा निघाली. १९६७ मध्ये कोदाय निवर्तले, तोवर अशा शाळांची संख्या शंभरावर गेली होती.

हे यश केवळ एका व्यक्तीचे नव्हे. शासनाने अभ्यासक्रमात स्थान दिले नसते आणि प्रशिक्षित शिक्षक लाभले नसते, तर त्यांचा विचार ग्रंथातच राहिला असता. लोकसंगीताचे जतन करणाऱ्या त्यांच्या पद्धतीची युनेस्कोने २०१६ मध्ये दखल घेतली.

परीक्षा जवळ येताच वेळापत्रकातून प्रथम गाण्याचाच तास वगळणाऱ्या शाळांनी या चरित्राचा विचार करावयास हवा. महोत्सव आणि पुरस्कार यांनी कलावंतांचा गौरव होतो. श्रोता मात्र वर्गातच घडतो.