संताजींचे जोडीदार, ताराराणींचे सेनापती… तरीही खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहू महाराजांकडे का गेले?

कोल्हापूर : हातकणंगले तालुक्यातील पेठवडगावात सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. औरंगजेबाच्या फौजांना जेरीस आणणारा हा सेनानी १७०७ मध्ये ताराराणींची बाजू सोडून शाहू महाराजांना मिळाला. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची कहाणी इथूनच सुरू होते.

धनाजी जाधव कोण होते?

सिंदखेडच्या जाधवांचे, म्हणजे जिजाऊंच्या माहेरचे हे घराणे. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत परतले आणि १६२९ मध्ये दौलताबादला भर दरबारात मारले गेले. बाजू बदलण्याची किंमत या घराण्याने आधीच मोजली होती.

१६८९ मध्ये काय घडले?

संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. औरंगजेब मराठा सरदारांना मनसब आणि जहागिरीचे आमिष दाखवत होता. शिवाजी महाराजांनी वतनदारीला लगाम घातला होता, पण आता सरदार टिकवण्यासाठी राजाराम महाराजांनाही वतने द्यावी लागली. काही मुलूख तर अजून जिंकायचाही होता! अनेक सरदार या छावणीतून त्या छावणीत जात राहिले. धनाजींनी मात्र मोगलांची चाकरी पत्करली नाही.

संताजींशी वैर का आले?

१६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी यांनी जिंजीचा वेढा खिळखिळा केला. पण पुढे संताजींचे राजाराम महाराजांशी बिनसले आणि १६९६ मध्ये दोघे जोडीदार समोरासमोर आले. त्या लढाईत धनाजी हरले. त्यांच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर पकडले गेले आणि हत्तीच्या पायी दिले गेले. तरीही सेनापतिपद धनाजींकडे आले. १६९७ मध्ये अमृतरावांचे मेहुणे, म्हसवडचे नागोजी माने यांनी संताजींची हत्या केली.

खेडला नेमके काय झाले?

१७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराराणींनी राज्य सांभाळले. धनाजी त्यांचे सेनापती होते. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडले. मराठ्यांत फूट पडावी, हा त्यामागचा हेतू. (हे शाहू म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र. राजर्षी शाहू महाराज बऱ्याच नंतरचे.)

ताराराणींनी शाहूंना तोतया ठरवले. संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य बुडाले, नंतरचे राजाराम महाराजांनी राखले, म्हणून वारसा आपल्या मुलाचा, असा त्यांचा दावा होता. दुसरीकडे थोरल्या पातीचा वारस जिवंत परतला होता. धनाजींच्या हाताखाली काम केलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी शाहूंच्या वतीने त्यांची समजूत काढली. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमाकाठी खेडला लढाई झाली, तेव्हा परशुरामपंत प्रतिनिधी ताराराणींसाठी लढले. धनाजी शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि सेनापतिपद धनाजींकडेच राहिले.

मग ही फितुरी होती का?

धनाजी शत्रूला मिळाले नव्हते. एकाच घराण्यातल्या दोन दावेदारांपैकी एकाची त्यांनी निवड केली. पण मोगलांशी झुंजताना सरदारांना वतने आणि स्वतःच्या फौजा मिळाल्या होत्या. त्यामुळे राजा कोण, हे ठरवण्याची ताकदही त्यांच्याच हाती आली. ताराराणींना याचाच फटका बसला.

पुढे काय झाले?

१७०८ मध्येच वडगाव येथे धनाजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र चंद्रसेन सेनापती झाले. बाळाजी विश्वनाथांशी वितुष्ट आल्याने १७११ मध्ये ते शाहूंना सोडून ताराराणींकडे आणि नंतर निजामाकडे गेले. ताराराणींनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. १७३१ च्या तहात वारणा नदी दोन्ही राज्यांची सीमा ठरली.

वडगाव वारणेच्या दक्षिणेला आहे. साताऱ्याच्या गादीसाठी बाजू बदललेल्या सेनापतीची समाधी कोल्हापूरच्या हद्दीत राहिली.