ससाण्यांचा डोंगर राखणाऱ्या रोझालीबाई

वार्षिक सर्वसाधारण सभा म्हटली की आपणां सर्व भगिनींच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. चिटणीस अहवाल वाचतात, खजिनदार जमाखर्च मांडतात, सूचना होते, अनुमोदन होते आणि मग मंडळी चहाफराळाकडे वळतात. अशा वेळी कोणी मध्येच उठून प्रश्न विचारू लागले, तर बाकीच्यांची चुळबुळ सुरू होते. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात २९ ऑक्टोबर १९२९ रोजी भरलेल्या एका सभेत अगदी असेच घडले. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचे नाव रोझाली एज. त्यांनी पुढे जे कार्य केले, त्यामुळे हजारो शिकारी पक्ष्यांचे प्राण वाचले.

रोझालीबाईंचा जन्म १८७७ साली न्यूयॉर्कमधील एका सुखवस्तू घरात झाला. १९०९ मध्ये चार्ल्स नोएल एज या इंग्रज इंजिनियराशी जपानमधील योकोहामा येथे त्यांचा विवाह झाला आणि पुढची काही वर्षे पूर्वेकडील देशांतच गेली. १९१३ मध्ये बोटीने परतताना, इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या एका बाईंशी त्यांची गाठ पडली. त्या ओळखीने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. न्यूयॉर्कला आल्यावर त्या मताधिकाराच्या चळवळीत शिरल्या. पत्रके लिहायची, भाषणे करायची, वर्गणी गोळा करून तिचा हिशेब ठेवायचा, अशी कामे त्यांनी केली. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातील स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. माझ्या मते बाईंचे खरे शिक्षण झाले ते येथेच. मोठमोठ्या पुरुषांच्या कपाळावरच्या आठ्यांना न भिण्याचे शिक्षण शाळेत थोडेच मिळते?

पुढे पतिपत्नींचे पटेनासे झाले आणि दोघे वेगळे राहू लागले. पदरी दोन मुले होती. त्या उदास दिवसांत बाईंना पक्षी पाहण्याचा नाद लागला. शहराच्या मध्यभागी सेंट्रल पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथे त्या दुर्बीण घेऊन हिंडत. वयाची चाळिशी तेव्हा केव्हाच उलटली होती.

१९२९ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये मुक्काम असताना टपालाने त्यांच्या हाती एक लहानसे पत्रक पडले. अमेरिकेतील पुष्कळ पक्ष्यांच्या जाती नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत आणि पक्षिरक्षणाच्या संस्था स्वस्थ बसल्या आहेत, असा त्यात आरोप होता. लिहिणाऱ्यांत विलार्ड व्हॅन नेम हे प्राणिशास्त्रज्ञ होते. घरची मंडळी जेवणासाठी खोळंबली, पण बाई पत्रक हातात घेऊन खोलीत येरझाऱ्या घालीत राहिल्या. राष्ट्रीय ऑड्युबन संघ ही त्या देशातील पक्षिरक्षणाची सर्वांत मोठी संस्था. बाई तिच्या आजीव सभासद होत्या. म्हणजे ठपका काही अंशी आपल्यावरही येतो, असे त्यांना वाटले.

म्हणून त्या सभेला गेल्या आणि पत्रकातील आरोपांना संस्थेचे उत्तर काय, असे त्यांनी विचारले. एका प्रश्नावर त्यांचे समाधान झाले नाही. त्या पुन्हा पुन्हा उठल्या. अखेर अध्यक्ष पिअर्सन यांनी वैतागून सांगितले की, बाईंच्या प्रश्नांत सगळा वेळ गेला, चित्रपट दाखवायचा राहिला आणि जेवणही निवून चालले. जेवणाचा हा दाखला वाचून मला तरी हसू आले.

बाई मात्र घरी जाऊन कामाला लागल्या. त्यांनी व व्हॅन नेम यांनी ‘इमर्जन्सी कॉन्झर्व्हेशन कमिटी’ स्थापन केली. कचेरी म्हणजे बाईंचे घर, आणि काम करणारे हात मोजकेच. व्हॅन नेम ज्या संग्रहालयात नोकरीस होते, तेथून त्यांना असे लेखन प्रसिद्ध करण्यास मनाई झाली; तेव्हा त्यांची पत्रके निनावी निघू लागली आणि टीकेचे सारे घाव बाईंनी झेलले. लुइझियाना राज्यातील २६,००० एकरांच्या अभयारण्यात संघाच्याच संमतीने पोलादी सापळे लावून मस्करॅट नावाचे पाणथळीतले प्राणी मारले जात होते आणि त्यांच्या कातड्यांतून संघाला उत्पन्न मिळत होते. बाईंनी ही गोष्ट उजेडात आणली. सर्व सभासदांना हे कळावे म्हणून त्यांनी नावपत्त्यांची यादी मागितली. संघाने नकार दिला. तेव्हा १९३१ मध्ये त्या न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. संघाच्या वकिलांनी त्यांना भांडखोर बाई ठरवले होते. बाईंना त्याचे विशेष काही वाटले नाही. तथापि हेही सांगितले पाहिजे की या वादात संघाची सभासदसंख्या बरीच घटली. १९३४ मध्ये पिअर्सन यांनी अध्यक्षपद सोडले.

त्याच वर्षी बाईंच्या हातून त्यांचे सर्वांत मोठे कार्य घडले. पेन्सिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. शरद ऋतूत वायव्येचा वारा तिच्यावर आदळून वर चढतो आणि त्या वाऱ्यावर पंख पसरून ससाणे, गरुड हजारोंनी दक्षिणेकडे जातात. एका ठिकाणी ते डोंगरमाथ्याच्या अगदी जवळून जात. तेथील खडकांवर बंदुका घेऊन माणसे बसत आणि निव्वळ करमणुकीसाठी त्यांना पाडीत. घारीने कोंबडीचे पिल्लू उचलले की आपल्याकडेही शिव्याशाप दिले जातात. तिकडे तर या पक्ष्यांना शत्रूच समजत, आणि गॉसहॉक जातीचा पक्षी मारणाऱ्याला सरकार पाच डॉलर बक्षीस देई. या जातींतले कितीतरी पक्षी शेतातले उंदीर खाऊन शेतकऱ्याचे कामच करतात, हे कोणी लक्षात घेत नसे. रिचर्ड पाऊ या तरुणाने १९३२ मध्ये तेथे मरून पडलेल्या पक्ष्यांच्या रांगांची छायाचित्रे घेतली. ती पाहून सारे हळहळले. पण डोंगर विकत घेण्याचे मोठ्या संस्थेकडून काही होईना.

रोझालीबाईंनी वाट पाहिली नाही. सुमारे १,४०० एकरांचा तो डोंगर त्यांनी ५०० डॉलर देऊन भाड्याने घेतला. दोन वर्षांत एकरी अडीच डॉलरने विकत घेण्याची मुभाही मिळवली. हे पाचशे डॉलर व्हॅन नेम यांनी उसने दिले. आता डोंगर राखणार कोण? मॉरिस ब्राउन हा तरुण पक्षिशास्त्रज्ञ आणि त्याची पत्नी अर्मा हे जोडपे पगाराची अट न घालता सप्टेंबरमध्ये तेथे राहायला आले. रस्त्याच्या कडेने शिकारबंदीच्या पाट्या लागल्या. शिकारी चिडले, धमक्या झाल्या. मॉरिस वर खडकावर असे, तेव्हा खाली फाटकाशी अर्मा उभी राही आणि बंदूकवाल्यांना परत पाठवी. मला वाटते, या सगळ्या हकिकतीतली सर्वांत अवघड जागा तीच होती. आणि तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. त्याच हंगामात त्या डोंगरावरची कत्तल थांबली. हळूहळू बंदुकांच्या जागी दुर्बिणी घेतलेली माणसे येऊ लागली. १९३८ मध्ये डोंगर कायमचा ‘हॉक माउंटन’ अभयारण्याच्या संस्थेच्या मालकीचा झाला.

वर बसल्या बसल्या मॉरिस रोज जाणारे पक्षी मोजून वहीत टिपून ठेवी. महायुद्धात तो नौदलात गेला तेवढा खंड सोडला, तर ही मोजणी चालूच राहिली. तिचा उपयोग कसा झाला पाहा. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी शेकडा ४० लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते शेकडा २० वर आले. गरुडांना पिल्ले होईनाशी झाली होती. रेचेल कार्सन यांनी डी.डी.टी.सारख्या कीटकनाशकांवरील आपल्या १९६२ च्या पुस्तकात हेच आकडे दिले. दहा वर्षांनी अमेरिकेत डी.डी.टी.वर बंदी आली. आजही दरवर्षी १५ ऑगस्टपासून १५ डिसेंबरपर्यंत त्या खडकावर मोजणी होते, आणि पुष्कळशी स्वयंसेवकच करतात.

ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यान १९३८ मध्ये झाले, त्यामागेही बाईंची पत्रके होती. पण त्या सर्व लढ्यांची हकिकत येथे द्यायला जागा नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये टेक्सास राज्यात कॉर्पस क्रिस्टी येथे ऑड्युबन संस्थेचे अधिवेशन भरले होते. पंच्याऐंशी वर्षांच्या रोझालीबाई आमंत्रण नसताना तेथे जाऊन पोहोचल्या. कार्यकर्त्यांची क्षणभर तारांबळ उडाली असेल. अध्यक्षांनी मात्र त्यांना व्यासपीठावर नेऊन सर्वांना त्यांची ओळख करून दिली, आणि सारी सभा उभी राहून टाळ्या वाजवू लागली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला त्यांचे निधन झाले.