डॉ. वसंत रामजी खानोलकर

डॉ. खानोलकर यांचा जन्म १८९५ साली झाला. लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी संपादून ते स्वदेशी परतले व मुंबईस विकृतिशास्त्राचे अध्यापक झाले. पुढे टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाचा अभ्यास हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

एखाद्या समाजातच अमुक कर्करोग का आढळावा? वंशाला बोल लावून मोकळे होणे सोपे असते. डॉ. खानोलकरांनी मात्र लोकांची राहणी पाहिली. घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणाने कमरेवर होणारा कर्करोग, तसेच तंबाखू व चुना ओठात धरणाऱ्यांचा कर्करोग त्यांनी १९४५ साली जगापुढे मांडला. घरोघरच्या चंचीकडे त्यानंतर संशयाने पाहावे लागले!

वंशाचाही विचार त्यांनी सोडला नाही. मुंबईतील सहा ज्ञातींमधील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास त्यांनी डॉ. संघवी यांच्यासह १९४९ साली प्रसिद्ध केला. अशी लक्षणे पेशीतील गुणसूत्रांच्या द्वारे उतरतात. निम्मी गुणसूत्रे मातेकडून येतात, निम्मी पित्याकडून. मनुष्याची गुणसूत्रे ४८ असतात, असा तेव्हा विद्वानांचा समज होता. १९५५ साली स्वीडनमध्ये ती ४६ भरली. त्यांच्या २३ जोड्या आकारानुसार मांडलेल्या चित्रास कॅरिओटाइप म्हणतात. एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र अधिक असले की डाउन विकार होतो, हे १९५९ साली कळले. तेथे मात्र राहणीचा दोष नसतो.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होत. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. १९७८ साली ते निवर्तले.