लू गेरिग : बादलीच्या आधीचा माणूस

२०१४ साली डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची लाट जगभर आली होती. आमच्या हिमायतनगरकडे उन्हाळ्यात बादली-बादलीचा हिशेब असतो. त्यामुळे एवढं पाणी कशासाठी सांडलं, हे मी शोधत गेलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो... लू गेरिग!

१९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका गरीब जर्मन स्थलांतरित कुटुंबात तो जन्मला. चार भावंडांपैकी जगला तो एकटाच. आई लोकांकडे स्वयंपाकाची कामं करायची. पोरानं इंजिनिअर व्हावं, हे तिचं स्वप्न. (आपल्या आयांचं तरी दुसरं काय असतं!) खेळाच्या जोरावर कोलंबिया विद्यापीठात प्रवेश मिळाला, इंजिनिअरिंगचा अभ्यासही सुरू झाला. पण घरात आजारपण आणि पैशाची ओढाताण. १९२३ मध्ये शिक्षण सोडून तो न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघात गेला.

१ जून १९२५ पासून तो जो खेळत राहिला, तो सलग २,१३० सामने. बोटं मोडली, पाठ धरली, पण एकही सामना चुकवला नाही. इथं ७५ टक्के हजेरी भरताना आपली काय दमछाक होते, ते सांगायला नकोच!

१९३८ पासून मात्र हातापायातलं बळ ओसरू लागलं. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइटला त्यानं स्वतः व्यवस्थापकाकडे जाऊन आपलं नाव वगळायला सांगितलं. त्याला कुणी काढलं नव्हतं. आपल्यामुळे संघाचं नुकसान नको, एवढंच. मला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा हा दिवस मोठा वाटतो.

१९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकमध्ये निदान झालं : ए.एल.एस. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. मोटर चांगली, पण तिच्याकडे येणारी वायरच तुटत जाते म्हणा ना! हातपाय जातात, गिळणं जातं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र बहुतेकांची जागी राहते.

४ जुलैला साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर निरोप घेताना त्यानं नशिबाला दोष दिला नाही. उलट स्वतःला भाग्यवान मानून आईवडील, पत्नी, सहकारी सगळ्यांची आठवण काढली. पुढे शक्ती होती तोवर न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल आयोगावर काम केलं. २ जून १९४१ रोजी तो गेला.

त्याचा विक्रम १९९५ मध्ये कॅल रिपकेननं मोडला. आजार मात्र अजून हरलेला नाही. बादलीची लाट पसरवणाऱ्यांत पीट फ्रेट्स होता. तोही बेसबॉलपटू आणि त्याच आजारानं ग्रासलेला. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ए.एल.एस. असोसिएशनकडे ११.५ कोटी डॉलर जमले. त्याच साली आपल्या शेजारच्या हैदराबादेत पाण्याऐवजी गरजूला बादलीभर तांदूळ द्यायची कल्पना निघाली. मराठवाड्याच्या माणसाला ती जास्त पटावी! अमेरिकेतल्या पैशाचंही चीज झालं. त्याच्या मदतीनं चाललेल्या संशोधनातून २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित आणखी एक जनुक सापडलं.

दोस्तहो, रोज हजर राहायला जिद्द लागते. पण वेळ आली की आपण होऊन जागा मोकळी करायला त्याहून मोठं मन लागतं. गेरिगकडे दोन्ही होतं.