फ्रेडरिक लँचेस्टर : यंत्रांचा वैद्य

आजच्या उत्तम मोटारगाडींत बसलें असतां इंजिन चालू आहे कीं बंद, हें पुष्कळदां कळतही नाहीं. मोटारीच्या बाल्यावस्थेंत असें नव्हतें. गाडी कितीही मोलाची असो, तिची बैठक मऊ कातड्यानें मढविलेली असो, इंजिनाच्या हादऱ्यांनीं आंत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होत. केवळ वंगण घालून वा खिळे आवळून हा रोग बरा होणार नाहीं, त्याचें मूळ गतिशास्त्रांत शोधिलें पाहिजे, हें ज्यांनीं ओळखलें त्यांत फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर ह्यांचें नांव अग्रभागीं येतें.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजीं लंडन येथें झाला. वडील स्थपति होते. साउदॅम्पटन येथें व पुढें लंडनच्या साउथ केन्सिंगटन भागांतील विज्ञानशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. परंतु पदवी न घेतांच त्यांनीं शाळा सोडली. १८८९ सालीं, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, ते बर्मिंगहॅम येथील गॅस-इंजिनांच्या कारखान्यांत नोकरीस लागले. इंजिनाची नाडी पाहण्याची विद्या त्यांनीं येथेंच संपादन केली.

१८९५-९६ च्या सुमारास त्यांनीं आपली पहिली मोटारगाडी बांधिली. तिच्या इंजिनांत एकाऐवजीं दोन क्रँक-दांडे असून ते परस्परांच्या उलट दिशेनें फिरत. एकाचा धक्का दुसऱ्यानें निवारावा, ही त्यांतील योजना. इतर लोक गाडी चालेल कशी ह्या विवंचनेंत असतां हा तरुण ती शांतपणें कशी चालेल ह्याचा विचार करीत होता!

१८९९ सालीं त्यांनीं आपल्या बंधूंच्या साहाय्यानें कंपनी स्थापिली. गाड्यांस मागणी होती, पण भांडवल तुटपुंजें. १९०४ सालीं कंपनीचें दिवाळें वाजलें आणि ती नव्यानें उभी करावी लागली. १९०९ सालीं डेमलर कंपनीनें त्यांस सल्लागार नेमिलें.

त्या सुमारास श्रीमंतांच्या गाड्यांत सहा सिलिंडरांचीं इंजिनें बसूं लागलीं होतीं. त्यांत एक चमत्कारिक व्याधि दिसे. एका ठराविक वेगावर इंजिन थरथरे. वेग वाढविला वा घटविला कीं तें पुन्हां शांत होई. झोपाळ्यास योग्य वेळीं लहान लहान झोके दिले म्हणजे तो उंच जातो, हें आपण सर्व जाणतों. येथेंही तोच प्रकार होता. सहा सिलिंडरांचा क्रँक-दांडा लांब. प्रत्येक स्फोटानें तो किंचित् पिळला जाई व पुन्हां उलगडे. स्फोटांचा ताल ह्या पिळण्याच्या तालाशीं जुळला कीं कंप वाढत जाई व पोलादी दांडाही मोडण्याची भीति असे.

लँचेस्टर ह्यांनीं दांडा अधिक जाड करण्यावर भिस्त ठेविली नाहीं. त्यांनीं त्याच्या टोंकास एक लहानसें जड चाक बसविलें. मात्र तें पक्कें न जोडतां तेलांत बुडालेल्या चकत्यांच्या द्वारें जोडिलें. दांडा सरळ फिरे तोंवर चाकही त्याबरोबर फिरे. दांडा थरथरूं लागला कीं जड चाक आपली गति सोडीना; चकत्या एकमेकींवरून घसरत आणि कंपाची शक्ति तेलांत उष्णतेच्या रूपानें विरून जाई. ही युक्ति १९१० च्या सुमाराची. त्याच काळांत हेन्री रॉइस हेही अशाच उपायाप्रत येऊन पोहोंचले होते.

चार सिलिंडरांच्या इंजिनाचें दुखणें निराळें. त्यांत दोन दट्टे वर जातात तेव्हां दोन खालीं येतात, म्हणून तोल साधेल असें वाटतें. परंतु जोडदांडा तिरपा होत असल्यामुळें दट्ट्याची गति फेऱ्याच्या वरच्या अर्धांत अधिक व खालच्या अर्धांत कमी असते. त्यामुळें प्रत्येक फेऱ्यांत दोनदां हादरा बसतो. ह्यावर लँचेस्टर ह्यांनीं दुप्पट वेगानें, परस्परविरुद्ध फिरणारीं दोन वजनें योजिलीं. आडवे धक्के एकमेकांस मारितात; उभे धक्के मिळून इंजिनाच्या हादऱ्यास मारितात.

विमानविद्येवरही त्यांनीं मोलाचें लेखन केलें व १९२२ सालीं रॉयल सोसायटीचें सभासदत्व मिळविलें. परंतु धन त्यांस कधींच लाभलें नाहीं. उतारवयांत कंपवातानें त्यांस ग्रासलें. ज्यानें यंत्रांचा कंप घालविला, त्याच्याच देहास कंप जडावा, हा केवढा दैवदुर्विलास! ८ मार्च १९४६ रोजीं बर्मिंगहॅम येथें त्यांचा अंत झाला.

पुढें १९७० नंतरच्या दशकांत जपानी कारखान्यांनीं त्यांचें तोलदांड्यांचें तत्त्व पुन्हां हातीं घेतलें, आणि आज तें असंख्य गाड्यांत मूकपणें काम करीत आहे. विद्यार्थिमित्रांनो, दोष दिसला कीं तो झांकण्याची बुद्धि आपणांस सहज होते. तो केव्हां होतो, केव्हां थांबतो, हें धीरानें पाहून त्याचें मूळ शोधणें, हीच खरी विद्या होय. लँचेस्टर ह्यांच्या चरित्रापासून आपण एवढें शिकलों तरी पुष्कळ झालें.